दुसरी हाक

खोटं वाटत असन तर इथंच थांबा. मी कोणाच्या हातापाया पडत नाई. पण सत्यभामा माही सख्खी मावशी आहे, अन् हे तिच्याच दारात झालं. खैरलांजीजवळचं गाव, जिल्हा बालाघाट. मागच्या दसऱ्याच्या आधीची सांज.

मावशी एकटी. तिच्या पडवीत रजत राहे. पोट्टा बांगलादेशातून आलता, कागद एक नाई. राईस मिलमध्ये पोते उचले, मावशीच्या हातचं जेवे.

आमच्याकडे अंधारात एका हाकेले कोणी ओ देत नाई. भूत एकदाच हाक मारते म्हणतात, माणूस दोनदा. मावशीनं त्यालेही शिकवलं. तो हसे, पण पाळे.

त्या सांजी पोलिसांची गाडी आली. कागद नसलेले पोट्टे धरून राह्यले होते.

रजत मागच्या दारानं पळाला... धानाच्या बांधीत गायब.

ठाण्याचे चंद्रशेखर साहेब काही वाईट माणूस नव्हते. मावशीले म्हणे, "अम्मा, आप आवाज दो. आपकी सुनेगा. कोई मारेगा नहीं."

मावशी धुऱ्यावर उभी राह्यली.

"रजत..."

एकदाच.

"एक बार और, अम्मा."

"गळा बसला माहा," मावशी म्हणे.

मुद्दाम! पोट्टा लपून राहावा म्हणून.

तो आला नाई. पोलीस गेले. अन् त्याच रात्री बांधीजवळच्या नहराले पाणी सुटलं.

सकाळी नहराच्या पुलियाखालच्या पाइपाशी त्याची चप्पल भेटली, तिथंच लपला असन. तो नाई भेटला. साहेबांनी सारा नहर शोधला.

"दुसरी हाक मारली असती तर जेलात असता," मावशी ऊर बडवे, "पण जित्ता असता वो माय!"

मग काही दिवसांनी, दिवा लावताना...

"मावशी..."

नहराकडून, रजतचा आवाज. एकदाच.

रोज.

मी म्हटलं, बालाघाटले चाल माह्या घरी. ऐकन तर शपथ! "दुसरी हाक आली तर तो जित्ता आहे, दीपिका. मी नसन तर ओ कोण देईन?"

एक दिवस मी राह्यली तिच्याजवळ. मीही ऐकली. दोघी श्वास धरून बसलो...

दुसरी आलीच नाई.

मावशी रडून म्हणे, "मी त्याले वाचवाले एकदाच मारली. तोही मले वाचवून राह्यला काय वो?"

मागच्या सोमवारी तिचा फोन आला. हसत होती.

"दीपिका, आज दोनदा आली!"

"मावशी, दार उघडू नको!"

"काहून? माणूसच आहे तो."

कडी निघाली... अन् मग फोनमधून पाण्याचा आवाज.

आम्ही रातोरात पोचलो. दार सताड उघडं. दोन ताटं वाढलेली, भात थंडगार. नहर तर कोरडा होता.

मावशी अजून भेटली नाई. चंद्रशेखर साहेबच शोधून राह्यले.

काल सांजी मी दिवा लावत होती. बालाघाटले, माह्या घरी.

दाराबाहेरून मावशीचा आवाज आला.

"दीपिका..."

मी कडीवर हात ठेवून उभी राह्यली. लय वेळ.

जित्ती असन तर दुसरी मारनच ना?