चौथ्या मजल्यावरचा ताबा

चंद्रकला त्या संध्याकाळी एका साध्या कामाला निघाली होती. दूध उतू घालायला. नव्या घरात पाऊल टाकलं की घालतात, तसं. आता ते घर तिला अजून कुणी दिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आज ती ते स्वतःच घेणार होती.

तिच्या नवऱ्यानं, शेखरनं, वाट्याचं भातशेत विकून आसनगावच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर घेतलं होतं. दोन वर्षांत ताबा, असं बिल्डर म्हणाला होता. मग रेती बंद झाली. मग मजूर गावाला गेले ते आलेच नाहीत. मग कुठली तरी परवानगी अडकली, आणि आता म्हणे नळजोडणी नाही. तानसा धरणाचं पाणी डोळ्यांदेखत मुंबईला जातं आणि इथल्या इमारतीला थेंब मिळत नाही, हे ऐकून कुणाचंही पित्त खवळेल. शेखर बिचारा प्रत्येक कारण खरं मानत गेला, आणि गेल्या वर्षी छातीत कळ येऊन तोच गेला.

खोलीमालकानं आता दिवाळीपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं होतं. मनस्वीला, एवढ्याशा पोरीला, घेऊन जायचं कुठं? दुपारी बिल्डरचा मुलगा दीपेश एसीत बसून म्हणाला, "काकू, पुढच्या वर्षी नक्की." तिथंच तिचं डोकं फिरलं. ताबा देत नाय काय? मग मीच घेते. आज दूध, उद्या बिऱ्हाड.

स्टोव्ह, पातेलं आणि दुधाची पिशवी घेऊन ती गेटवर आली तेव्हा दिवस मावळला होता. धोंडी वॉचमन उठून आडवा आला.

"वहिनी, आता वर नका जाव. राहनारी मानसं घरी यायचा टाइम झाला."

"कोन राहनारी? ताबा तर कुनालाच नाय भेटला!"

"तेच तर..." धोंडी म्हणाला आणि बाजूला झाला.

जिन्याला कठडा नव्हता. कुबट सिमेंटचा वास येत होता. दुसऱ्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि ती थबकली. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, आत नुसता काळोख, आणि त्या काळोखातून लसणाच्या फोडणीचा वास. कुणीतरी म्हातारं खोकलं. तिसऱ्यावर तान्हं मूल रडत होतं, त्याला कुणी थोपटत होतं. पण तिचा राग भीतीहून मोठा होता. आमची घरं बळकावून बसलेत मेले, असं पुटपुटत ती चढत राहिली.

चौथ्यावर उतू गेलेल्या दुधाचा करपट वास आला.

मोबाइलच्या उजेडात दिसलं, तिच्या हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून कुणी मांडी घालून बसलं होतं. ती पाठ तिच्या ओळखीची होती.

"आलीस?" तो हळूच म्हणाला. "मी घातलं गो उतू..."

"तुमी... इथं कसे?"

"वाट बघून बघून गेले, त्यांना ताबा देतात इथं. लगेच देतात. कारनं नाय सांगत..."

तिच्या तोंडातून बाहेर पडला तो संतापच. "भांडायला पायजे होतं तवा गप बसलात! माझ्या पोरीला छप्पर नाय, नि तुमी इथं एकटेच..."

"एकटा नाय..."

तिनं मोबाइलचा उजेड खाली टाकला. जमिनीवर तीन ताटं मांडली होती. दोन कोरी. तिसऱ्यातला वरणभात अर्धा खाल्लेला, आणि कढीपत्त्याची पानं ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवलेली. अशी पानं लावायची ती फक्त मनस्वी.

ती जिना कशी उतरली, तिचं तिला कळलं नाही. गेटबाहेर येऊन तिनं मनस्वीपाशी ठेवलेल्या जुन्या मोबाइलवर फोन लावला.

"मनू... कुठं हायस गो?"

"घरीच हाय. तू जेवून घे, आई. माझं झालं."

भाड्याच्या खोलीत सकाळच्या भाकरीशिवाय काहीच नव्हतं.

"काय... काय जेवलीस?"

"वरणभात," मनस्वी म्हणाली. "आई, या घराला दारं कधी बसवनार? थंडी जाम वाजते."