शेजारच्या सीटचा पट्टा

"चोरी झालीय," काचवाला म्हणाला, "पण गेलं काहीच नाही."

ताईनं चष्मा पुसला. नवरा गेल्यापासून ती खाजगी तपासाची कामं घेत होती, आणि असलं उलटं गाऱ्हाणं घेऊन कुणी आलं की तिचा चेहरा उजळायचा. तिचा भाऊ, पन्नाशी उलटली तरी घरात धाकटाच, खिडकीशी बसून बिस्किटं खात होता.

"मग चोराचंच नुकसान झालं म्हणा," धाकटा म्हणाला.

"तू खा. बोला तुम्ही, अगदी सुरुवातीपासून."

काचवाला खिडक्यांना काचा बसवायचा. बायको वारलेली, एकुलती एक लेक हायवेच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्या गावात एका नव्या इमारतीचं मोठं काम त्याला मिळालं होतं. सोमवारी निघायचं होतं, आणि पुढेही सारख्या फेऱ्या होत्या. त्यासाठी त्यानं तीन जुन्या व्हॅन पाहून एक घेतली होती.

"पहिली इतकी चकाचक की मलाच संशय आला. दुसरी म्हणे फारशी चाललेलीच नाही, पण क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत. गावातल्या गावात पिदडलेली आणि मीटर मागे फिरवलेला. ही तिसरी खूप पळालीय, तरी रबर शाबूत. म्हणजे हायवेवर पळालेली. तिथं वरचा गिअर पडला की क्लचला पाय लावावाच लागत नाही. लांबच्या रस्त्याला अशीच गाडी घ्यावी."

"आधीचा मालक एकटाच चालवायचा?"

"एकटाच. त्याची सीट बसून बसून खचलीय, शेजारची कोरी. आता माझंही तसंच होणार म्हणा."

दुपारी व्हॅन कारखान्यासमोर गल्लीत उभी असायची आणि तो आत मशीनवर काच कापायचा. त्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नसे. संध्याकाळी बघावं तर शेजारच्या सीटवरची हत्यारांची बॅग उचलून ड्रायव्हरच्या सीटवर नीट ठेवलेली. पलीकडचा बाहेरचा आरसा फिरवलेला. आणि पट्टा उघडलेला.

"कुठला पट्टा?"

"शेजारच्या सीटचा. बॅगेच्या वजनानं गाडीला वाटतं माणूस बसलाय. मग पट्टा लाव, पट्टा लाव म्हणून कोकलत राहते. एकट्यानं गाडी चालवणारे आम्ही सगळे रिकाम्या सीटचा पट्टा कायम लावूनच ठेवतो."

"दार फोडलंय?"

"ओरखडासुद्धा नाही. किल्ली एकच, ती माझ्या खिशात." काचवाल्याचा आवाज खाली आला. "मेकॅनिक म्हणतो ब्रेक ठणठणीत आहेत. पण रोज कोणीतरी आत शिरतंय, उद्या काय करेल कुणी सांगावं? लेकीनं खोली आवरून ठेवलीय, ताई. आईच्या दिवसांनंतर आम्ही भेटलो नाही. पण अशा गाडीतून जायला धीर होत नाही. उलगडा झाला नाही तर गाडी परत करतो आणि काम सोडतो."

"मग करू या उलगडा," ताई म्हणाली.

व्हॅन स्वच्छ होती. ताई शेजारच्या सीटवर बसली आणि पायाखालची रबरी मॅट निरखू लागली. उजव्या पायाच्या जागी एक ठिपका घासून चकचकीत झाला होता.

"मॅट जुनी आहे?"

"छे, गाडी घेतली तेव्हाच नवी टाकली."

"बॅग घासली असेल," धाकटा म्हणाला.

"असेल. ये, बस इथं. आरशात काय दिसतं?"

"मागची अख्खी गल्ली. समोरची शिंपीणबाई सुईत दोरा ओवतेय, तीसुद्धा."

शिंपीणबाई व्हॅनवर आधीच खार खाऊन होती. "माझा सगळा उजेड अडवते मेली! चोर? या गल्लीत कोण येतंय दुपारी? टपालवाला येतो, आणि एक म्हातारबुवा, भिंतीला हात लावत लावत हळूहळू जातात. बाकी चिटपाखरू नाही. आणि मी काय मान वर करून बसते का? मला कामं आहेत."

व्हॅन विकणाऱ्या दलालाला तर त्याच्याच अंगणात ताईनं पकडलं. काचवाल्यानं व्हॅन तिथंच आणून उभी केली होती. दलाल साखरेत घोळूनच बोलायचा.

"परत द्यायची तर खुशाल द्या, साहेब. तिला दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. चांगली चीज आहे!"

"बघ," धाकटा ताईच्या कानाशी लागला. "दाल में... म्हणजे, पाणी मुरतंय इथं."

"दुसरी किल्ली?" ताईनं विचारलं.

"मला मिळालीच नाही. मालकाचा मुलगा म्हणाला, हरवली."

"ही सीट मागे सरकते का हो?"

"सरकते की!" दलालानं दार उघडलं, बॅग उचलून ड्रायव्हरच्या पायाशी फेकली आणि ऐसपैस बसून सीट सरकवून दाखवली. आरशाकडे त्यानं पाहिलंही नाही.

मालकाचा मुलगा दोन गल्ल्या सोडून राहत होता. दिवसभर ऑफिसात, बायकोही नोकरीला. तो ताईला ऑफिसच्या जिन्यात भेटला.

"मला गाडी येत नाही, बाबांनीच उभा जन्म चालवली. आता त्यांच्या डोळ्यांवर पडदा आलाय, समोरचा माणूस अंधुक दिसतो. तरी किल्ल्या सोडेनात! शेवटी त्यांच्याकडून शब्द घेतला, पुन्हा स्टिअरिंगसमोर बसणार नाही म्हणून. मग गाडी विकली."

"दुपारी काय करतात ते?"

"झोपतात." तो घुटमळला. "झोपत असतील."

रविवारी दुपारी ताईनं मुलाला काचवाल्याच्या कारखान्यात बोलावलं आणि काचवाल्याला मशीन सुरू करायला सांगितलं. मशीन बराच वेळ घरघरत राहिलं. मग तिनं बंद करायची खूण केली.

"माझा दलालावर पैज लावायचा बेत होता," धाकटा म्हणाला.

"हरला असतास. दलालानं माझ्यासमोर बॅग पेडलपाशी फेकली. आपला पाहुणा ती रोज सीटवर ठेवतो. जन्मभर गाडी चालवलेला माणूस पेडलजवळ काही ठेवत नाही, ब्रेकखाली अडकलं तर संपलंच."

"पण ड्रायव्हर असता तर ड्रायव्हरच्या जागी बसला असता की!"

"तिथंच तर मी अडले होते. आरसा शेजारच्या सीटवरून मागचा रस्ता दिसावा असा फिरवलेला. पट्टा रोज उघडलेला, म्हणजे बंद गाडीतही तो लावून बसतो. मॅटवर उजव्या पायाची घासलेली खूण. तुझे मेहुणे आठव. मी गाडी चालवायला लागले की शेजारी बसून असेच पाय दाबायचे, जसा काही ब्रेक त्यांच्याच पायाखाली आहे." ताईनं चष्मा काढून पुसला. त्या सीटवर आता धाकटा बसायचा आणि गाडी सुरू होताच घोरायचा. "म्हणजे बसणारा ड्रायव्हरच, पण ड्रायव्हरच्या जागी न बसणारा. अशी जागा कोण सोडेल? ज्यानं शब्द दिलाय तो."

मुलाचा चेहरा पडला. "दुसरी किल्ली..."

"हरवली नव्हती. तुमच्या बाबांनी ठेवून घेतली. आणि शिंपीणबाईंनी त्यांना रोज पाहिलंय, भिंतीला हात लावत जाताना. म्हातारा माणूस, म्हणून चोरांत धरला नाही इतकंच. चला."

व्हॅनमध्ये, शेजारच्या सीटवर, एक म्हातारा पट्टा लावून ताठ बसला होता. दार उघडताच तो दचकला.

"मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "शब्द दिलाय मुलाला."

"बाबा!" मुलगा म्हणाला. "काय हे! घरी टीव्ही आहे, रेडिओ आहे, सगळं आहे..."

"सगळं आहे रे. माणूस नाही." त्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "तू सकाळी जातोस, दार लागतं, आणि मग मी भिंतींशी बोलतो. एक दिवस ही खिडकीखालून गेली. आवाजावरून ओळखली मी तिला. मागोमाग आलो. रोज थोडा वेळ बसतो, मनातल्या मनात एक फेरी मारतो, बास. किल्ली घ्या परत. चुकलं माझं."

मुलगा वडिलांच्या दाराशी तसाच उभा राहिला.

काचवाल्यानं किल्ली घेतली नाही. तो गाडीला वळसा घालून आला, बॅग उचलली आणि ड्रायव्हरच्या जागी बसला.

"काका, हायवेवर बोगद्यानंतरचा उतार कसा आहे?"

"फसवा!" म्हातारा क्षणात म्हणाला. "सरळ वाटतो, पण पुढे डावीकडे वळतो. वरून गिअर कमी करूनच उतरायचं. नुसत्या ब्रेकवर राहिलास तर तापतात. आणि खाली पंपावर थांबू नकोस, त्याच्या पुढच्यावर थांब. तिथला माणूस बोलका आहे."

"एवढं सगळं माझ्या लक्षात नाही राहायचं. उद्या सकाळी निघतोय. लेकीकडे जागा आहे, चार दिवसांनी परत." त्यानं मुलाकडे पाहिलं. "शब्द तर मोडत नाही ना यात?"

मुलानं मान हलवली आणि मग वडिलांना दिसलं नसेल म्हणून मोठ्यानं म्हणाला, "नाही मोडत."

म्हाताऱ्याचा हात पट्ट्यावर तसाच होता. "बॅग कुठं ठेवशील मग?"

"मागे टाकतो."

"बरं." त्यानं नाक ओढलं. "मग निघताना चाकांतली हवा बघून घे. आणि तो आरसा तुझ्याकडे फिरवून घे बाबा. मी आपला सवयीनं फिरवतो. मला कुठं काय दिसतंय त्यात."