फेलिमची हजेरी

त्या रविवारी सकाळपासूनच फेलिम गेराटीच्या अंगात वारं शिरलं होतं. का नाही शिरणार? आयर्लंडात ज्याच्या बापाला झोपडीपुरतीही स्वतःची जमीन मिळाली नाही, त्या फेलिमचं आज ऑकलंडजवळच्या खाडीकाठी हक्काचं घर होणार होतं! पेन्शनीत निघालेल्या शिपायांना सरकारने बायकापोरांसकट इथे आणलं, ते एका अटीवर. सात वर्षं दर रविवारी बंदूक घेऊन हजेरीला उभं राहायचं. मग दोन खोल्यांचं लाकडी घर आणि मागची एकरभर जमीन कायमची आपली. रजेवाचून एक हजेरी चुकली, की गाशा गुंडाळायचा. आजची हजेरी शेवटची होती.

"आणि आजच तुला डुकराची मांडी आठवली?" बायको ओनोरा कडाडली.

"सगळी आळी जेवायला येणार. नुसते बटाटे वाढू?"

"वाढ की. सात वर्षं तेच तर गिळतोयस! भरतीच्या आत परत ये म्हणजे झालं."

पलीकडच्या माओरी वस्तीतल्या हेमीने धुरावलेली मांडी कबूल केली होती. फेलिम कोट चढवून, बंदूक खांद्याला लावूनच निघाला. परतताना थेट मैदानावर जायचं, असा त्याचा बेत.

मांडी मिळाली. गप्पांत वेळही गेला. मग गडी तिवरांमधून, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलातून आडवा निघाला. शिंपले बूट कापत होते. कुजट, खारट वास येत होता. चहूकडे खेकड्यांची टकटक चालली होती. निम्म्या वाटेवर त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढताना डावा गेला.

टेकडीवरच्या मैदानात हजेरीचा नगारा वाजला.

"मेलो!" फेलिम ओरडला. त्याने मांडी फेकली, बंदूक आडवी टाकून जोर लावला. चिखल सोडेना. भरतीचं पाणी चढून त्याच्या मांड्यांना लागलं. त्याच्या नावाआधी जेमतेम नऊ नावं होती.

गैरहजर सोबत्याच्या नावाला मागच्या रांगेतून कोणीतरी ओ द्यायची, ही पलटणीतली जुनी रीत. सार्जंट कानाडोळा करायचा. पण फेलिमने आज कोणाला सांगूनच ठेवलं नव्हतं.

"अरे, माझ्या नावाला ओ द्या रे!" त्या ओसाड चिखलावर तो जिवाच्या आकांताने ओरडला. "कोणीही द्या! कोणीही असा!"

खेकड्यांची टकटक थांबली.

वारा पडला. अर्ध्या मैलावरून सार्जंटचा आवाज कानाशी यावा तसा आला, "फेलिम गेराटी!"

"हजर, साहेब!"

आवाज टेकडीवरून आला. आवाज फेलिमचा होता.

त्याच क्षणी चिखलाने पाय सोडले. बूट तिथेच राहिले.

तो अनवाणी धावत सुटला. मैदानावर पोचला तेव्हा पांगापांग झाली होती. शेजारी टिम डॅली समोरून आला आणि बघतच राहिला.

"अरे, आत्ता तर घरी गेलास! आणि हा चिखल कुठे फासलास?"

"टिम, देवमाणसा! माझी ओ कोणी दिली रे?"

"चढली काय सकाळीच? तूच दिलीस. माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होतास. कॅप्टनने हात मिळवला, घराच्या कागदावर सही काय झोकात ठोकलीस!"

फेलिम हसला. वाचलो, टिम थट्टा करतोय, घर मिळालं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. उतारावरून तो पोरासारखा पळाला.

दार लावलेलं होतं. आत ओनोरा खदखदून हसत होती. किती दिवसांनी हसत होती!

त्याने दार ठोठावलं. "ओनोरा! उघड!"

हसणं थांबलं.

"कोण आहे?"

"अगं मी! फेलिम!"

आत खुर्ची सरकली. कोणीतरी उठलं. फेलिमने फटीला डोळा लावला, पण पलीकडून कोणीतरी फट अडवून उभं राहिलं होतं.

"बस रे तू," आतून ओनोरा मायेने म्हणाली, "घर आपलं झालंय आता. कोणालाही दार उघडायची गरज नाही."

आणि आतून कडी लागली.