खालची खुर्ची

हे खरं घडलेलं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा. मला कुणाची समजूत काढायची नाही.

आणि रात्र-बित्र नव्हती. भर दुपार होती. लख्ख ऊन, शांत समुद्र.

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, निवृत्त झाले आणि जुनी मोटरबोट घ्यायचं खूळ डोक्यात घेऊन बसले. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. म्हणून ताईने मला त्यांच्या मागे लावलं.

"काहीतरी खोट काढ आणि मोडता घाल. पाण्याच्या नादाने हे माझ्या हातचे जातील."

बोट फ्लायब्रिजवाली होती. एक स्टिअरिंग खाली केबिनमध्ये, दुसरं वर छपरावर, उघड्या हवेत. जुनी जोडणी. वरचं चाक फिरवलं की खालचंही फिरतं. खालचं कुणी धरून ठेवलं की वरचं अडतं.

मी हात धुऊन मागे लागलो. तळ हातोडीने ठोकून पाहिला. कुठे ओल नाही. तेल स्वच्छ. छपराच्या सांध्यात गळती नाही. शोधून खोट सापडेना, माझंच डोकं फिरलं.

विकणारा म्हातारा धक्क्यावरून हलेना.

"चला की, तुमचीच बोट आहे," मी म्हणालो.

"तुम्हीच जा. फक्त खालची खुर्ची रिकामी ठेवू नका."

"का? रुसते का ती?" भाऊजी हसले.

म्हातारा हसला नाही.

बाहेर पडल्यावर भाऊजी टुणकन वर, माझ्या शेजारी. "वरचा मजला असताना खाली कोण बसतं रे?"

बरंच लांब गेल्यावर मी बोट वळवायला घेतली.

चाक थोडं फिरलं... आणि अडलं.

मी जोर लावला... पलीकडूनही तेवढाच जोर लागला.

मग माझ्या हातातलं चाक उलटं फिरू लागलं. किनाऱ्याकडे पाठ करून.

"भाऊजी, हात काढा!"

"मी कुठे लावलाय?" त्यांचे दोन्ही हात कठड्यावर होते.

खालून खुर्ची करकरली... कुणीतरी नीट सरकून बसावं तशी.

मी इंजिन बंद केलं. शिडीवरून खाली उतरलो.

केबिन रिकामी.

पण खुर्चीची दबलेली गादी... हळूहळू फुगून वर येत होती.

मी डोळे मिटून त्या खुर्चीत बसलो. वर भाऊजी ओरडले, "सुटलं चाक!" त्यांनी वरून इंजिन सुरू केलं. मी खालीच बसून, तसेच आम्ही परतलो. धक्का येईपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

उतरल्यावर म्हाताऱ्याची कॉलर धरली. "कोण बसतं तिथे?"

"मला काय माहीत? मी कधी वर गेलोच नाही."

एवढं होऊनही भाऊजींनी बोट घेतलीच! ऐकतील तर ते भाऊजी कसले! म्हणे, चाक जाम झालं असेल. आणि तरी दर खेपेला ताईला खाली बसवायचे.

मागच्या महिन्यात ताई तापाने फणफणली होती. दिवसभर माझ्याकडे झोपून होती. संध्याकाळी भाऊजी तावातावाने आले.

"न सांगता उतरलीस कधी? धक्क्यावर शोधत बसलो तुला!"

"मी आज आलेच नव्हते," ताई म्हणाली. "सकाळी तुम्ही झोपेत होता, तेव्हाच इकडे आले."

भाऊजी हळूच म्हणाले...

"मग दिवसभर खालून माझ्याशी कोण बोलत होतं?"

वाटलं, आता तरी विकतील ती अवदसा.

नाही. आता एकटेच जातात. खाली कुणाला बसवायची गरज नाही, म्हणतात. रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा येतात. घरी आले तरी ताईशी धड बोलत नाहीत. बोलून झालेलं असतं म्हणे.

परवा ताई माझ्या दारात येऊन उभी राहिली. रडली नाही. एवढंच विचारलं, "त्या दिवशी तू तपासलंस तरी काय रे?"

काय सांगणार? इंजिन ठणठणीत होतं. तेच सांगितलं.