माझी चार वर्षांची हजेरी

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मी घरातून निघाले ती जुन्या मैत्रिणींसोबत एक आलुबोंडा खाऊन दिवेलागणीच्या आत परत यायला. एवढंच काम होतं. माझ्या वर्गातल्या मुली अकरावीला होत्या, पुढच्या महिन्यात त्यांची मॅट्रिक. शाळेनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. गोपिका बाजारात भेटली तेव्हा माझा हात धरून म्हणाली होती, "तू बी ये वं. सातवीपर्यंत तर आमच्यातच होती ना."

सातवीनंतर माझी शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली, मागे लहान भावंडं. मग मला हुडकेश्वरला दिलं. हुडकेश्वर म्हणजे शहराबाहेरचं गाव, घरामागचं दार उघडलं की लगेच तुरीचं शेत. मालक गिरणीत कामाला. घरात सासूबाई, मी आणि माझी सहा महिन्यांची लेक.

लेकीचं आधी सांगते, कारण जे काही आहे ते तिच्यासाठीच. तिच्या आधीचा मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला. म्हणून ही झाली तेव्हा सासूबाईंनी तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, शेजारणीनं उचलून आणून परत आमच्या ओटीत घातली, आणि आम्ही तिला धोंडी म्हणू लागलो. कुणाच्या डोळ्यात भरू नये म्हणून. बारसं केलं नाही, नाव ठेवलं नाही. पण मी ठेवलं होतं. पाजताना दार लोटलेलं असलं की तिच्या कानाशी ओठ नेऊन हळूच म्हणायची. मालकांनाही सांगितलं नव्हतं.

शहरात धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पोर नाजूक आहे, वरचं दूध पोटात ठरत नाही, अंगावरचंच पाजा. त्यामुळे उंबऱ्याबाहेर पाय टाकायला मी धजत नसे. त्या दिवशी तिला पोटभर पाजलं, झोळीत घातलं, दोनदा परत येऊन पाहिलं.

"जाय वं आता," सासूबाई म्हणाल्या. "तोंड धुवाले गेली तरी तुले पोरीचा घोर. मी काय मेली हाय का इथं?"

मी गेले.

शाळेच्या अंगणात निंबाला यंदा लवकरच मोहोर आला होता, त्याचा कडू-गोड वास वर्गापर्यंत येत होता. मुलींनी आयांच्या साड्या नेसल्या होत्या. कुणाचा पदर सुटत होता, कुणाच्या निऱ्या पायात येत होत्या. मला वाटलं होतं, चार वर्षांनी बघून सगळ्या धावत येतील, लग्नाचं विचारतील, मंगळसूत्र हातात घेऊन पाहतील. तसं काही झालं नाही. मी दारात उभी राहिले तर दोघी-तिघींनी पाहिलं आणि परत आपापल्या बोलण्यात गुंतल्या. मधल्या सुट्टीतून कुणी परत यावं तसं. कौशल्या आमच्या वर्गाची मॉनिटर. ती फक्त म्हणाली, "आज उशीर केला वं."

मी हसले.

मग एकेकीनं उभं राहून शाळेतल्या आठवणी सांगायच्या, असं ठरलं. कौशल्या पहिली उठली. नववीतली रामटेकची सहल सांगू लागली. कुणाची चप्पल माकडानं नेली, कुणाला चढता चढता भोवळ आली. "अन् आपली भागीरथा," ती म्हणाली, "अंबाळा तलावाच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसली ते बसलीच. हाका मारून मारून घसे बसले आमचे. उठेच ना."

सगळ्या हसल्या.

"मी नव्हती ना वं रामटेकले," मी म्हटलं. "माझं तर तेव्हा लग्न होऊन राहिलं होतं."

"पाह्य वं, हे अशीच करते," कौशल्या म्हणाली आणि खाली बसली.

मग प्रेमिला उठली. दहावीत विज्ञानाच्या खोलीत एकदा लाईट गेली आणि खिडक्यांना काळे पडदे लावलेले, ते तिनं सांगितलं. "अंधारात भागीरथानं माझा हात धरला. इतका गार हात..." ती हसत होती, पण माझ्याकडे पाहत नव्हती. "तेव्हापासून मी नाही बसत हिच्या बाजूले."

मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. शाळा सोडून गेलेल्या मुलीची मिळून केलेली थट्टा. मी आमच्या बाईंकडे पाहिलं. कुसुमताई तशा कडक, थट्टेत भाग न घेणाऱ्या. त्या खुर्चीतून उठल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वर्गात सगळ्यांत शांत म्हणजे भागीरथा. कधी खाडा नाही. पण पोरी, चार वर्षांत मी तुला एकदाही डबा खाताना पाहिलं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. असं करू नये गं."

त्यांच्या आवाजात माया होती. थट्टा नव्हती.

मी बसायला जागा शोधू लागले. खिडकीशी माझं जुनं बाकडं रिकामं दिसलं. बाकी सगळ्या बाकड्यांवर चार-चार जणी दाटीवाटीनं बसलेल्या, त्यावर मात्र कुणीच नाही. मी तिकडं वळले तर गोपिकानं मागून माझं मनगट धरलं.

"तिथं नको," ती पुटपुटली. "ओलं आहे."

मी पाहिलं. बाहेर कोरडं ऊन, खिडकी बंद, वर कौलं धड. आणि बाकड्याच्या लाकडावर काळसर ओल, एक माणूस बसेल तेवढीच.

गोपिकानं मला बाहेर व्हरांड्यात नेलं. आत मुली पुन्हा कशावर तरी हसत होत्या. ती भिंतीला टेकली आणि अगदी हळू बोलू लागली.

"तू गेली ना, तेव्हा बाई वर्गात याच्या आधी कौशल्या हजेरी घेत जाय. शाळेनं तुझं नाव कापलं, पण तिनं घेणं सोडलं नाही. सगळ्यात शेवटी तुझं नाव घेत जाय. अन् मी म्हणो... हजर. मजा होती वं. तू गेली असं कोणाले वाटू नये म्हणून."

"मंग?"

"आठवीत मले टायफाइड झाला. लय दिवस घरी होती. परत आली, कौशल्यानं तुझं नाव घेतलं, अन् मी तोंड उघडाच्या आधी कोणीतरी म्हणलं, हजर. मले वाटलं प्रेमिला असंन. प्रेमिलेले वाटलं, मीच."

"मागं वळून नाही पाहिलं?"

"पाहिलं." तिनं वर्गाच्या दाराकडे नजर टाकली. "लय दिवसांनी पाहिलं. तोपर्यंत बाकीच्यायले सवय झाली होती."

"गोपिका, मी घरी होती. तुले तर माहीत होतं."

"मले माहीत होतं. मलेच माहीत होतं, वं. बाकीच्यायच्या डोक्यात तू शाळा सोडून कधी गेलीच नाही. आता मले बी कधी कधी..." ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, दोन साड्यांचे रंग जुळतात का पाहावं तशी. "तुझ्या हनुवटीवर गोंदलेलं नाही काय?"

"नाही."

"हो. तुझ्या नाही."

निंबाचा मोहोर वाऱ्यानं फरशीवर येऊन पडत होता. आतून टाळ्यांचा आवाज आला.

"नाव घेणं बंद काहून नाही केलं तुम्ही?"

"केलं ना. दहावीत एक दिवस कौशल्यानं तुझं नाव घेतलंच नाही. वही मिटली. तरी मागून आवाज आला... हजर. मंग पुन्हा नाही कोणी हिंमत केली."

"अन् आज मले इथं बोलावलं?"

"मले वाटलं, खरी तू आली तर ते येणार नाही." तिचे डोळे भरून आले होते. "अन् नाही आली, भागीरथा. रोज असते, आज नाही आली. पाह्य ना, बाकडं रिकामं आहे."

मला क्षणभर खरंच हलकं वाटलं. पण गोपिकाचा हात अजून माझ्या मनगटावर होता.

"अजून काय?" मी विचारलं.

"ते हजरशिवाय कधी काही बोलली नाही. चार वर्षांत नाही. काल शाळा सुटताना मी दप्तर भरून राहिली होती... तर मागून म्हणाली, शाळा संपली, आता मी घरी जाईन. मी भेत भेत विचारलं, कोणतं घर? तर म्हणाली, माझी मंजुळा भुकेजून राहिली."

मी तिच्या हातातून मनगट सोडवून घेतलं.

"मंजुळा कोण वं?" गोपिकानं विचारलं.

मी व्हरांड्यातून खाली उतरले ती फाटकाकडे पळत सुटले. चपला कुठं राहिल्या ते कळलं नाही. रस्त्यात रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, लेकरू आजारी आहे, दम लावून चालव. तो बिचारा उभा राहून पायडल मारत होता. मानेवाड्यापुढे खडीचा रस्ता लागला तशी मी उतरून पळाले. ऊन अजून पुरतं कललंही नव्हतं. माझ्या अंगावरचे कपडे दुधानं भिजायची ती वेळ होती. रोज याच वेळी पान्हा फुटायचा. मी छातीशी हात नेला. कोरडं होतं.

सासूबाई ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांचं सूप थांबलं.

"आता बाहेरून कुठून आली वं?"

"शाळेतून..."

"अन् मघाशी?"

"मघाशी काय, आत्याबाई?"

"मघाशी माझ्यासमोरून घरात नाही शिरली काय? मी म्हणलं, लवकर आली बाई. चहा ठेवू काय विचारलं, तर बोलली बी नाही. पोरीले घेऊन मांडीवर बसली, पाजलं. पाय बी पुसले नाही, सारवलेलं सारं ओलं करून ठेवलं." त्या पुन्हा सूप हलवू लागल्या. "एकाएकी एवढा अबोला काहून धरला, मले काय म्हाईत."

मी आत गेले. घरात कुणी नव्हतं. झोळीच्या दोरीला अजून झोका होता, आपोआप मंदावत जाणारा. जमिनीवर ओली पावलं उंबऱ्यापासून झोळीपर्यंत आली होती. परत गेलेली नव्हती.

धोंडी शांत झोपली होती. ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ गालावर आला होता. मी तिला उचललं, छातीशी लावलं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, माझा वास घेतला, आणि तोंड फिरवून रडायला लागली. अनोळखी बाईनं घेतल्यावर लेकरं रडतात तसं.

त्याला आता दोन महिने झाले. त्या दिवसापासून मला दूध नाही, थेंबभरही नाही. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या रात्री गाईचं दूध पाजून पाहिलं, तिनं सगळं ओकून टाकलं. मी तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून जागी राहते. पहाटे केव्हातरी डोळा लागतोच. जाग येते तेव्हा ती माझ्या मांडीवर नसते, झोळीत असते. पोट टम्म, ओठ ओले, हसत असते. माझ्याकडे बघून नाही. माझ्या खांद्यामागे बघून.

परवा तिला धंतोलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. त्यांनी तिचा गाल चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "काय गुटगुटीत झाली हो. पहिल्यांदा आणली तेव्हा मला हिची आशा नव्हती. तुमचं दूध तिला फार मानवलंय बाई. वर्षभर तोडू नका."

मी पदर सारखा केला आणि मान हलवली.

आता संध्याकाळ झाली की शेताकडच्या दाराची कडी मी माझ्या हातानंच काढून ठेवते.