श्वासावरची भिंत

मंगळावरच्या प्रयोगशाळेत डॉ. ऋता खानविलकरांची एकविसावी वीट हातातच भुगा झाली.

भट्टी लावता येत नव्हती. त्यासाठी माणसांच्या श्वासाचा प्राणवायू जाळावा लागला असता. म्हणून पारदर्शक घुमटाखाली विटा उन्हात वाळवायच्या आणि त्यांच्या हातभर जाड भिंतींनी अंतराळातली घातक किरणं अडवायची, असं ठरलं होतं. पण वीट टिकत नव्हती.

दुसऱ्या यानातून करमाळ्याच्या द्वारकाबाई लोखंडे आल्या. त्यांनी हयातभर भेंडे, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, पाडले होते. त्यांनी चिखल नाकाशी नेला आणि विचारलं, "मुरवलाय कुठं हा?"

त्यांनी हरितगृहातल्या गव्हाचं भुसकट चिखलात मिसळलं, पायांनी तुडवलं आणि नऊ दिवस झाकून ठेवलं. वासानं सगळे हैराण झाले. त्या चिखलाची वीट मात्र दगडासारखी निघाली.

ऋतानं ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. भुसकट कुजता कुजता त्यातले जिवाणू चिकट धागे सोडत होते आणि त्या धाग्यांत मातीचे कण गुंफले जात होते. तिनं त्या जिवाणूंना 'गुंफक' नाव दिलं.

"वीट वाळली की ते झोपतात, मावशी. भिंतीला बारीक तडा गेला आणि ओल मिळाली, की जागे होऊन तो भरून काढतात."

"भाजली असती तर?"

"मेले असते."

"म्हणजे भिंत जिती आहे म्हणा की," द्वारकाबाई म्हणाल्या आणि विटेवर हात फिरवत राहिल्या.

आठ खोल्यांचं घर उभं राहिलं. आठ जण त्यात वर्षभर सुखानं राहिले. मग परतीचं यान सज्ज झालं. पुढची सहा जणांची तुकडी पृथ्वीवरून निघणार होती आणि दहा महिन्यांनी पोहोचणार होती. तोवर घर बंद ठेवायचं होतं.

त्याच सुमारास घरामागच्या रिकाम्या कोठीची भिंत ढासळली. कारण शोधायला ऋताला दोन दिवस लागले. तिथली हवा कमालीची कोरडी होती. बाकीच्या भिंतींना ओल मिळत होती ती माणसांच्या श्वासातून. कोठीत कोणी राहत नव्हतं.

तुकडीप्रमुख सोनकुसरे यांनी वाफ सोडणारं यंत्र सुचवलं. पण वीज हवेसाठी आणि उबेसाठीच जेमतेम पुरत होती. ऋतानं श्वासातली वाफ मोजून हिशेब मांडला : एका माणसामागे एक खोली टिकेल.

यान चालवायला सहा जण लागणारच होते. म्हणजे फार तर दोघांना मागे राहता येणार होतं. ऋतानं स्वतःचं नाव दिलं. द्वारकाबाईंना तिनं विचारलंच नाही. त्यांना घरी नातवंडं होती.

द्वारकाबाईंनीच सोनकुसरेंना गाठलं. "भिंत मी घातलीय," एवढंच त्या म्हणाल्या.

तरी अडचण उरलीच. एका खोलीत जेमतेम तिघं मावत. नवी तुकडी आली की माणसं आठ होणार आणि खोल्या दोन. सूर्यावर वादळ उठलं, तर दोघांना पातळ पत्र्याच्या यानात बसावं लागणार. ते दोघं कोण, हे ऋतानं मनाशी ठरवून टाकलं होतं. द्वारकाबाईंनीही ठरवलं असावं. त्या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

बाकी सगळ्यावर मात्र त्या भरभरून बोलत. हरितगृहातलं काम आटोपलं की त्या घेवड्याच्या शेंगा सोलत दोघींच्या खोल्यांमधल्या रिकाम्या खोलीत बसत. द्वारकाबाई सुनेबद्दल सांगत, विहिरीवरच्या भांडणाबद्दल सांगत, शेंगा सोलता सोलता ओव्या म्हणत. अबोल म्हणून ओळखली जाणारी ऋता आईच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदाच कोणाशी बोलली. झोपायला मात्र ठरल्याप्रमाणे दोघी आपापल्या खोलीत जात.

एकामागून एक पाच खोल्या पडल्या. सहावीही आज ना उद्या पडेल म्हणून त्या वाट पाहत राहिल्या.

दहा महिन्यांनी नवी तुकडी आत आली. प्रमुख अधिकारी इंदुलकर भिंती पाहत फिरल्या आणि थबकल्या. संदेशात दोन खोल्या कळवल्या होत्या. उभ्या होत्या तीन. आठही जणांना पुरतील एवढ्या. मधल्या खोलीच्या भिंतीवर तर भरलेल्या तड्यांच्या ताज्या रेघा होत्या.

"इथं कोण राहत होतं?" त्यांनी विचारलं.

ऋतानं त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"कोणी नाही. आम्ही दोघी नुसत्या गप्पा मारत बसायचो. श्वास मोजला तेव्हा सगळे गप्प बसले होते," ती म्हणाली. "बोलताना, गाताना माणूस जास्त वाफ सोडतो. ते मी हिशेबात धरलंच नव्हतं."

द्वारकाबाईंनी पाहुण्यांना त्याच खोलीत बसवलं आणि प्रवास कसा झाला, ते अगदी पहिल्यापासून सांगायला लावलं.