डोळे मिटून उचललेला ट्रे

बटणांच्या कारखान्यात नवे तपासनीस आले, त्या सकाळी आम्ही बायका आपापल्या ट्रेमागे रांगेत उभ्या होतो. कुणावर अन्याय नको म्हणून इथली रीतच होती — तपासनिसानं डोळे मिटायचे, टेबलाच्या कडेनं चालायचं आणि रोज हाताला लागेल तो एकच ट्रे उचलून तपासायचा. ते चाचपडत निघाले नि मला हसू फुटलं. हात थांबला... माझ्याच ट्रेवर!

"आज नशीब तुमचं."

"नशीब कसलं? देवाची योजना," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच. मग पुन्हा.

"हा डोळेमिट्या तुझ्याच दाराशी बरा धडपडतो गं!" शेजारच्या मावशी कोपर मारायच्या.

"योगायोग हो, मावशी."

"योगायोगाला मिशी फुटलेली आजच पाहिली!"

ते समोर बसून बटणं पारखायचे. टवका उडालेली बाजूला काढताना बोटांना बोटं लागायची — आणि रेंगाळायची.

"जगात आपोआप काही घडतं, असं वाटतं तुम्हाला?" ते विचारायचे.

"त्याच्या इच्छेवाचून पानही हलत नाही."

घरी दिवा लावताना मी विनवायची, देवा, उद्याही त्यांचा हात माझ्याकडेच वळव रे! आणि वळायचा.

महिनाअखेरीस साहेबांनी बोलावलं. साऱ्या खात्यात सर्वांत जास्त खराब माल माझा निघाला होता. उद्यापासून येऊ नका. अहो, टवके तर प्रत्येकीच्या ट्रेत असतात! उघडा पडला तो फक्त माझा. घरात मिळवती मी एकटी... आईला काय सांगू?

जिन्यात तपासनीस भेटले. चेहरा उतरलेला.

"माझ्यामुळे झालं. तू हसायचीस, त्या आवाजामागं हात यायचा. डोळे मिटलेलेच असायचे गं, पण... तू समोर हवी होतीस. आवडतेस मला."

हेच ऐकायला जीव आसुसला होता. आणि मी वेडी, सगळं श्रेय देवाला देत बसले होते!

"मग साहेबांना एवढंच सांगा — ट्रे योगायोगानं नाही, तुम्ही निवडून उचललात. माझी नोकरी राहील."

"आणि माझी जाईल..." ते कठड्याकडे पाहत राहिले. "आपण लग्नच करू ना. मग तुला नोकरी हवी कशाला?"

"आधी सांगा. मग विचारा."

साहेबांची खोली वरच्या मजल्यावर. ते एक पायरी चढले... थांबले... आणि माझ्या बाजूनं, अंग चोरून, खाली उतरून गेले.